पुलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात मी दोन वर्षं बसलो. धडा वाचून झाला की ते पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, ‘सांगणारा कोण आणि तो त्या वेळी कुठं उभा होता?’ आम्हाला हा प्रश्न परीक्षेच्या दृष्टीनं अगदी निरुपयोगी वाटे. आज मी जे बोलणार आहे ते एवढ्या एका प्रश्नावर उभं आहे, म्हणून त्यांची आठवण आधी काढली.

विषय आहे पॉल स्कॉट या इंग्रज लेखकाच्या चार कादंबऱ्या. ‘द ज्युएल इन द क्राऊन’ 1966 मध्ये आली, ‘द डे ऑफ द स्कॉर्पियन’ 1968 मध्ये, ‘द टॉवर्स ऑफ सायलेन्स’ 1971 मध्ये आणि शेवटची ‘अ डिव्हिजन ऑफ द स्पॉइल्स’ 1975 मध्ये. चौघींना मिळून ‘राज क्वार्टेट’ म्हणतात. सगळी मिळून दोनेक हजार पानं भरतात. घाबरू नका, मी तासाभरात आटोपतो.

नगरमध्ये हा विषय का, असं निमंत्रण देणाऱ्यांनी मला फोनवर विचारलं होतं. उत्तर आपल्या किल्ल्यात आहे. 8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत नेत्यांची धरपकड झाली. गांधीजींना पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं आणि नेहरू, पटेल, मौलाना आझाद वगैरे कार्यकारिणीची मंडळी आपल्या किल्ल्यात आली. शाळेच्या सहलीत त्या खोल्या आपण सगळ्यांनी पाहिल्यात. स्कॉटच्या चारही कादंबऱ्यांचं जातं याच 9 ऑगस्टच्या खुंट्याभोवती फिरतं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला महम्मद अली कासिम नावाचा काँग्रेसचा एक मुसलमान पुढारी, प्रांताचा माजी मुख्यमंत्री, पकडला जातो. गव्हर्नर त्याला सुचवतो की काँग्रेस सोड, म्हणजे तुरुंग टळेल. कासिम ऐकत नाही आणि त्याची रवानगी एका जुन्या किल्ल्यात होते. किल्ल्याचं नाव प्रेमनगर, ते काल्पनिक. पण नगरच्या माणसानं ती पानं वाचावीत आणि त्याला भिंगार कॅम्पाच्या रस्त्यावरून दिसणारा तट आठवू नये, हे होणं नाही.

मौलाना आझाद आपल्या किल्ल्यात पत्रं लिहीत होते. मित्राच्या नावानं लिहिलेली आणि तेव्हा टपालात पडूच न शकलेली ती पत्रं पुढं ‘गुबार-ए-खातिर’ म्हणून 1946 मध्ये छापली गेली. त्यांत चहा आहे, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्या आहेत. 1943 च्या एप्रिलमध्ये त्यांची पत्नी कलकत्त्यात गेली तेव्हा ते इथंच होते. न पोचणाऱ्या पत्रांची ही गोष्ट जरा लक्षात ठेवा, कारण स्कॉटची पुस्तकंही बरीचशी अशाच कागदांची बनलेली आहेत: पत्रं, टिपणं, जबान्या, कुणाच्या तरी ट्रंकेत राहून गेलेलं काहीबाही.

आता गोष्ट. मायापूर नावाचं एक काल्पनिक गाव. मध्ये नदी. एका काठाला सिव्हिल लाइन्स, म्हणजे कलेक्टर, पोलीस सुपरिंटेंडेंट, बंगले, जिमखाना, चर्च, मैदान. दुसऱ्या काठाला मूळ वस्ती, देऊळ, बाजार. मधूनच आगगाडीचे रूळ गेलेले. गावात दोन पूल आहेत, पण पुलावरून जा-ये करतात ती बहुतेक नोकरमाणसं आणि फायली. सिव्हिल लाइन्सच्या कडेला बीबीघर नावाची एक उजाड बाग आहे, मोडक्या वाड्याचा चौथरा असलेली. गोऱ्यांच्या क्लबात जिला आत घ्यायचं नाही आणि देशी घरात जिला बोलवायचं नाही, अशी जोडी बसणार कुठं? या बागेत.

डॅफ्नी मॅनर्स ही धांदरट, उंच, चष्म्याशिवाय धड न दिसणारी इंग्रज मुलगी आणि हरी कुमार हा हिंदी मुलगा ही ती जोडी. हरी दोन वर्षांचा असताना बापानं त्याला इंग्लंडला नेलं आणि पुरता साहेब करून सोडलं. चिलिंगबरो नावाच्या बड्या शाळेत तो शिकला, तिथं त्याच्या नावाचं ‘हॅरी कुमर’ झालं. मग बापाचा धंदा बुडाला, बापानं आत्महत्या केली आणि 1938 मध्ये अठरा वर्षांचा हा मुलगा मायापूरला आत्याकडे येऊन पडला. त्याला हिंदी येत नाही. गोऱ्यांना तो काळा आहे आणि बाजारातल्या लोकांना तो नुसता इंग्रजी बोलणारा कुणीतरी आहे.

9 ऑगस्टच्या रात्री बीबीघरात काही अनोळखी माणसं हरीला बांधून घालतात आणि डॅफ्नीवर अत्याचार करतात. डॅफ्नी हरीकडून वचन घेते की तू इथं नव्हतासच. तिला पक्कं ठाऊक असतं की तो तिथं होता एवढं कळलं तरी फासावर जाईल तो तोच. पोलीस सुपरिंटेंडेंट रॉनल्ड मेरिक हरीला आणि आणखी पाच पोरांना पकडतो. डॅफ्नी कुणालाही ओळखायला नकार देते, आणि वर सांगते की कोर्टात उभं केलंत तर हल्लेखोर तोंडाला काळं फासलेले गोरे सोल्जरही असू शकतील असं म्हणेन. खटला उभाच राहत नाही. मग भारत संरक्षण कायद्याखाली विनाचौकशी स्थानबद्धता. हरी वचन पाळतो. तोंडातून शब्द काढत नाही. डॅफ्नी पुढच्या वर्षी बाळंतपणात जाते, मागं एक मुलगी राहते, पार्वती.

हे सगळं पहिल्याच भागात येऊन जातं. कुणी म्हणेल, संपली गोष्ट. मग पुढचे तीन भाग कशाला?

कादंबऱ्यांची माळ ओवायचे प्रकार पुष्कळ आहेत. झोलानं 1871 ते 1893 या काळात एका घराण्याच्या वीस कादंबऱ्या लिहिल्या. महफूजनं कैरोच्या एका कुटुंबाच्या तीन पिढ्या तीन भागांत बसवल्या. त्यांत काळ पुढं सरकतो, बाप म्हातारा होतो, नातू हरताळाला जातो. आपल्याकडे नेमाड्यांचं चांगदेव चतुष्टय आहे: ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’, ‘झूल’, म्हणजे 1975 ते 1979. त्यात चांगदेव पाटील हा इंग्रजीचा मास्तर बिऱ्हाड पाठीवर घेऊन गावोगावच्या कॉलेजांत फिरतो आणि प्रत्येक गावात जात नव्या रूपानं समोर येते. ‘बिढार’ आणि स्कॉटचा शेवटचा भाग एकाच वर्षी यावेत हा योगायोगच, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण नेमाडे माणूस हलवतात आणि समाजाचे थर दाखवतात. स्कॉट वेगळं करतो. तो घटना जागच्या जागी ठेवतो आणि वाचकाला हलवतो.

याचा अनुभव मला फार विचित्र रीतीनं आला. मुंबईला फोर्टातल्या फुटपाथवर मला यातला तिसरा भाग एकटाच मिळाला. तो कितवा आहे हे न बघता मी वाचायला घेतला. त्यात पंकोट नावाचं थंड हवेचं ठाणं आहे, पलटणीच्या बायका आहेत, ब्रिजचे डाव आहेत, आणि बार्बी बॅचलर नावाची निवृत्त मिशनरी मास्तरीण आहे, बोलायला लागली की थांबत नाही अशी. मायापूरला काहीतरी भयंकर घडलंय एवढं त्यांना पेपरातून कळतं. क्लबातल्या बायका ‘त्या मॅनर्सच्या मुलीबद्दल’ बोलतात. आधी कीव येते, मग ती आरोपीला ओळखत नाही म्हणून राग येतो, मग पोर झालं हे कळल्यावर नाव टाकलं जातं. मी पुरता त्यांच्या बाजूचा झालो होतो, हे मला दोन महिन्यांनी पहिला भाग हाती आल्यावर कळलं. त्यात डॅफ्नीचं स्वतःचं टिपण वाचलं आणि मला माझीच लाज वाटली. गुरुजींचा प्रश्न मी विसरलो होतो.

जाडजूड एका कादंबरीत हे साधत नाही असं नाही, पण चार पुस्तकं म्हटलं की मध्ये वर्षं जातात, आपण काही विसरतो, काही चुकीचं लक्षात ठेवतो. अफवा नेमकी तशीच पसरते.

एक उदाहरण घेतो आणि त्याच्यावर थोडा थांबतो. त्याच 9 ऑगस्टला दुसरी एक मिशनरी बाई, एड्विना क्रेन, डिब्रापूरच्या शाळेतून मोटारीनं परत येत असते. शेजारी शाळेचे मास्तर चौधुरी बसलेले. या एड्विनानं गांधीजींचं चित्र भिंतीवरून उतरवलंय, म्हणून तिच्याकडे चहाला येणाऱ्या हिंदी बायकांनी येणं बंद केलंय आणि आता ती गोऱ्या सोल्जर पोरांना चहाला बोलावते. चौधुरींशी तिचं वर्षानुवर्षं नुसतं कामापुरतं, अवघडलेलं बोलणं. रस्त्यात जमाव अडवतो. चौधुरी म्हणतात गाडी थांबवू नका, तिच्यानं माणसांवर गाडी घालवत नाही, आणि चौधुरी तिला वाचवायला उतरतात ते मारले जातात. ती परत येते आणि पावसात, रस्त्याच्या कडेला, त्या मेलेल्या माणसाचा हात हातात धरून बसून राहते. काही आठवड्यांनी ही बाई पांढरी साडी नेसून स्वतःला जाळून घेते.

पहिल्या भागात हे एड्विनाचं दुःख आहे. तिसऱ्या भागात तीच घटना पंकोटच्या दिवाणखान्यांत गप्पांचा विषय होते: एकटीनं हिंदी माणसाबरोबर प्रवास करावा का, वगैरे. आणि बार्बीला, जिनं एड्विनानंतर तिच्याच शाळेत शिकवलेलं असतं, त्या रस्त्याकडेच्या बसण्यानं अक्षरशः पछाडलेलं असतं. आयुष्यभर मुलांना येशू शिकवला आणि आपल्या हातून हात धरण्याएवढं तरी झालं का, असं ती स्वतःला विचारते. ती एड्विनाला सांगू शकत नाही, एड्विना गेलेली. चौधुरींना तर ती ओळखतही नव्हती. तिघांना एकत्र बसवतो तो वाचक, आणि तेही दोन पुस्तकं संपल्यावर.

माझं म्हणणं एवढंच आहे. माणसांची फाळणी झालेल्या समाजात माणूस माणसाला भेटतो, पण उशिरा भेटतो. स्कॉटनं ती भेट पात्रांच्या हातात न ठेवता पुस्तकांच्या फटीत ठेवली.

वस्तूंनाही त्यानं असंच फिरवलंय. व्हिक्टोरिया राणी सिंहासनावर बसलीय आणि हिंदुस्थानातले राजे, गरीब, सगळे नजराणा घेऊन उभे आहेत, असं एक भडक रंगीत चित्र आहे. पहिल्या पुस्तकाचं नाव त्यावरूनच आलंय. एड्विना त्या चित्रावरून पोरांना इंग्रजी शिकवायची: हा राजपुत्र, हा छत्रधारी, ही राणी. त्याचीच एक प्रत बार्बीकडे येते, आणि बार्बी, आपण काय करतोय हे पुरतं न कळता, ती प्रत मेरिकला देऊन टाकते. त्याच मेरिकला, ज्यानं हरीला कोठडीत गुरासारखं वागवलं. सहज बघितलं तर योगायोग. पण राज्य कसं चालतं ते इथं दिसतं. भली मास्तरीण पोरांना राणीच्या पायाशी उभं राहायला शिकवते, आणि तेच पाठांतर पुढं पोलीस सुपरिंटेंडेंटच्या हाती जातं. बार्बी वाईट नाही. तिचा शेवट मी नीट वाचू शकत नाही अजून: वाचा गेलेली, रानपूरच्या इस्पितळात खिडकीतून पारश्यांच्या दखम्यावर घिरट्या घालणारी गिधाडं बघत ती 6 ऑगस्ट 1945 ला मरते. तारीख तुमच्या लक्षात आलीच असेल.

मेरिकबद्दल बोलायला हवं, कारण भेद म्हणजे फक्त काळा-गोरा हा आपला समज तो मोडतो. मेरिक साध्या घरातला, साध्या शाळेत शिकलेला. इंग्लंडात असता तर चिलिंगबरोच्या पोरांनी त्याला दारात उभं केलं नसतं. इथं त्याला गोरेपणानं बढती मिळालीय. आणि त्याच्यासमोर सिस्टर लुडमिला नावाच्या एका बाईच्या आश्रमाच्या नळावर एक काळा पोरगा तोंड धुतोय. मेरिक त्याला उर्दूत दरडावतो आणि तो असल्या खानदानी इंग्रजीत उत्तर देतो, की मेरिकची स्वतःची इंग्रजी उघडी पडते. पुढं जे होतं त्याचं मूळ त्या नळावर आहे. सिस्टर लुडमिला हे बघते आणि तिला तिथंच कळतं की मेरिकनं माणूस निवडला. मेरिकनं डॅफ्नीला मागणीही घातलेली असते, हे आणखी वर.

हरी त्या नळावर आला कसा? आदल्या रात्री तो दारू पिऊन नदीकाठी पडलेला होता. प्यायला का? तर मैदानावर क्रिकेटचा सामना चालू असताना त्याला कॉलिन लिंडसे दिसला, शाळेतला जिवाभावाचा मित्र, आता फौजेत. कॉलिननं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याला तो दिसलाच नाही. ओळख टाळणं वेगळं. इथं नजर आरपार गेली, कारण त्या मैदानावर काळा चेहरा हा चेहरा म्हणून मोजायचाच नसतो. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही. शाळेत एका बाकावर बसलेला मित्र पुढं लग्नाच्या पंगतीत कसा बघतो, हे या सभागृहातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे. नळ, नदीकाठ, मैदान हे तुकडे आपल्याला एका दमात आणि याच क्रमानं मिळत नाहीत. वेगवेगळ्या माणसांकडून मिळतात आणि ते जोडायचं काम आपलं.

दुसऱ्या भागात नायजेल रोवन नावाचा अधिकारी तुरुंगात हरीची जबानी घेतो. रोवनही चिलिंगबरोचाच. शेजारच्या खोलीत जाळीआड डॅफ्नीची वृद्ध काकू लेडी मॅनर्स ऐकत बसलेली असते, आणि हरीला ते माहीत नसतं. डॅफ्नी गेली हेही त्याला तिथंच कळतं. एकाच शाळेचे दोघे टेबलाच्या दोन बाजूंना, आणि भिंतीपलीकडे एक म्हातारी. एवढं जवळ आणि एवढं लांब मी दुसऱ्या कुठल्या कादंबरीत वाचलेलं नाही. माझं वाचन अर्थात मर्यादित आहे.

आक्षेपही सांगतो, नाहीतर प्रश्नोत्तरांत तुम्ही सांगालच. 1984 मध्ये इंग्लंडात या कादंबऱ्यांवर ग्रॅनाडा कंपनीची चौदा भागांची टीव्ही मालिका गाजली. त्याच वर्षी सलमान रश्दी यांनी ‘आऊटसाइड द व्हेल’ या निबंधात या सगळ्या राज-प्रेमावर तुटून पडून विचारलं की हिंदुस्थानवर झालेल्या जुलमाचं रूपक म्हणून गोऱ्या बाईवर काळ्यांनी केलेला बलात्कार का निवडावा? आणि हिंदी माणसं त्यांच्याच इतिहासात दुय्यम पात्रं का? पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे पुरेसं उत्तर नाही. दुसऱ्यात पुष्कळ तथ्य आहे. हरीबरोबर पकडलेल्या पाच पोरांची नावं तुम्हाला सांगता येतील का? मला चारही भाग वाचून धडपणे सांगता येत नाहीत. त्यांच्या घरी त्या रात्री काय झालं, आया कुठं कुठं हेलपाटे घालत होत्या, हे स्कॉटच्या कॅमेऱ्यात नाही. जात तर जवळजवळ नाहीच, आणि जातीशिवाय मायापूर म्हणजे मिठाशिवाय पिठलं. पुलावर उभं राहून दोन्ही काठ बघण्याचा दावा करणारा लेखक शेवटी एका काठाकडे तोंड करून उभा असतो. स्कॉट लष्करातला कॅडेट म्हणून 1943 मध्ये इथं आला, 1946 मध्ये परत गेला. त्याचं घर सिव्हिल लाइन्सकडेच होतं.

पण रश्दींना जी हळहळ दिसते ती मला शेवटच्या भागात दिसत नाही. 1947 चा ऑगस्ट, मिरतहून रानपूरला जाणारी गाडी. एका डब्यात लेटन बहिणी, गाय पेरॉन असे काही इंग्रज, आणि त्यांच्याबरोबर अहमद कासिम, त्या किल्ल्यातल्या पुढाऱ्याचा धाकटा मुलगा. या अहमदचं आणि सारा लेटनचं काही होऊ पाहत होतं, म्हणजे दोघं मैलोन्‌मैल एकत्र घोडे चालवत आणि मधलं अंतर कमी होत नसे. गाडी थांबवली जाते. बाहेरचे लोक मुसलमान मागतात. अहमद उठतो, दार उघडतो आणि स्वतः खाली उतरतो. मागं दार बंद होतं. आतले इंग्रज सुखरूप राहतात. गाडी स्टेशनात येते तेव्हा फलाटावर प्रेतं आणि जखमी. सारा पाणी वाहून नेते आणि मनात हिशेब करत राहते की दार बंद करण्यात आपला वाटा किती. राज्य संपतानाचं याहून कमी भावुक चित्र माझ्या पाहण्यात नाही.

पुढं याच पंकोटमध्ये मागं राहिलेल्या एका बिनमहत्त्वाच्या इंग्रज म्हाताऱ्या जोडप्यावर, टस्कर आणि लूसी स्मॉली यांच्यावर, स्कॉटनं ‘स्टेइंग ऑन’ लिहिली. तिला 1977 चं बुकर मिळालं आणि पुढच्याच वर्षी तो गेला. ‘राज क्वार्टेट’मध्ये ही दोघं इतकी मागं उभी असतात की आधी लक्षातही येत नाहीत. त्या पाच पोरांसाठी कुणी असं एखादं पुस्तक लिहिलं असतं तर बरं झालं असतं.

वेळ झाली, अध्यक्ष घड्याळ बघताहेत. हरीचं काय झालं ते सांगतो आणि खाली बसतो. तो सुटतो. कुणी त्याची माफी मागत नाही. रानपूरच्या एका गरीब मोहल्ल्यात खोली घेऊन तो परीक्षेला बसणाऱ्या मुलांच्या शिकवण्या घेतो आणि अधूनमधून पेपरात ‘फिलॉक्टिटीझ’ या नावानं लेख लिहितो. जखमेला वास येतो म्हणून सोबत्यांनी बेटावर टाकून दिलेला तो ग्रीक योद्धा. पेरॉन, हाही चिलिंगबरोचाच, तो लेख वाचतो आणि ओळखतो. इंग्लंडला परतायच्या आधी तो पत्ता शोधत, गल्ल्या पार करत, हरीच्या दारापर्यंत येतो. हरी बाहेर गेलेला असतो. पेरॉन थोडा वेळ घुटमळतो, आपलं कार्ड ठेवतो आणि विमान गाठायला निघून जातो. हरी ते कार्ड हातात घेतो, वाचतो, फेकतो की पुस्तकात ठेवतो, हे दोन हजार पानांत कुठंही लिहिलेलं नाही. मी दोनदा शोधलं.